४५७ किलोहर्ट्झची कुळकथा

हिमस्खलनात गाडल्या गेलेल्या माणसाचा सोबत्यांनी यंत्रानं शोध घेताना आज जगभर एकच फ्रिक्वेन्सी वापरतात: ४५७ किलोहर्ट्झ. आल्प्समधला स्कीपटू असो की रॉकी पर्वतातला, त्यानं अंगावर बांधलेला छोटा ट्रान्सीव्हर याच आकड्यावर बोलतो आणि याच आकड्यावर ऐकतो. हा आकडा सर्वांच्या गळी उतरायला पाव शतकाहून अधिक काळ लागला.

त्याआधी भिस्त लाल दोरीवर होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आल्प्समधले गिर्यारोहक कमरेला लांब लाल दोरी बांधून ती मागं फरफटत नेत. माणूस गाडला गेला तरी हलक्या दोरीचं एखादं टोक बर्फावर दिसेल, एवढीच आशा. पुष्कळदा तेही दिसत नसे. मग कुत्रे यायचे, बर्फात लांब सळया खुपसत ओळीनं सरकणारी माणसं यायची, पण तोवर फार उशीर झालेला असायचा. हाताशी वेळ किती थोडा असतो, ते स्वित्झर्लंडमधल्या नोंदींवरून केलेल्या आणि १९९४ साली ‘नेचर’मध्ये छापून आलेल्या अभ्यासानं दाखवलं. पंधरा मिनिटांच्या आत बाहेर काढलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जगतात. पस्तीस मिनिटांवर हे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास घसरतं. म्हणजे वाचवणारा खालच्या गावातून येऊन भागत नाही. तो सोबतच्या चार जणांतलाच असावा लागतो.

अमेरिकेत बफेलो इथल्या कॉर्नेल एरोनॉटिकल लॅबोरेटरीत जॉन लॉटन यांनी १९६८ साली नेमकं हेच साधणारं यंत्र तयार केलं. चालताना प्रत्येकाचं यंत्र सतत संकेत सोडत राहणार. कुणी गाडला गेला, की वाचलेल्यांनी आपापली यंत्रं ऐकण्याच्या बाजूला वळवायची. १९७१ मध्ये ते ‘स्काडी’ या नावानं बाजारात आलं. नॉर्स पुराणातली स्काडी डोंगर आणि बर्फ यांची देवी. यंत्राची फ्रिक्वेन्सी होती २.२७५ किलोहर्ट्झ, म्हणजे माणसाच्या कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यातली. तारेच्या गुंडाळीनं पकडलेला संकेत मोठा केला, की इअरफोनमध्ये सूर ऐकू यायचा. तो जिकडं वाढेल तिकडं सरकायचं. इतक्या थोड्या सामग्रीत जीव वाचवण्याची सोय करणारी ही कल्पना मला आजही विलक्षण वाटते.

तिकडं स्वित्झर्लंडमध्ये ऑटोफोन कंपनीनं स्विस लष्करासाठी बनवलेलं यंत्र मात्र ४५७ किलोहर्ट्झवर चालत होतं. फ्रिक्वेन्सी वाढली की तेवढ्याच गुंडाळीत जास्त व्होल्टेज निर्माण होतं, त्यामुळं संकेत अधिक लांबून पकडता येतो. दोन्ही यंत्रं आपापल्या जागी चांगली होती. पण एकाच्या अंगावर एक आणि दुसऱ्याच्या अंगावर दुसरं असलं, तर खांद्याला खांदा लावून चालणारे हे दोघे एकमेकांना बहिरेच. दोन्ही फ्रिक्वेन्सींवर चालणारी जोडयंत्रं निघाली. त्यांनी वेळ निभावून नेली, पण एकाच छोट्या बॅटरीवर दोन आवाज पोसायचे म्हणजे पल्ल्याला कात्री लागणारच. अखेर १९८६ मध्ये पर्वतीय बचावकार्याच्या ‘इकार’ या आंतरराष्ट्रीय संघटनेनं ४५७ स्वीकारला. अमेरिकेत ‘एएसटीएम’ या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं तसंच मानक यायला १९९६ उजाडलं. या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा निर्णय मी एकाच आकड्यावर येण्यालाच मानतो. त्यापुढं कुठल्याही नव्या शोधाचा फायदा शेजारच्याच्या जुन्या यंत्रालाही होऊ लागला.

१९९७ मध्ये ‘ट्रॅकर’ हे दोन अँटेनांचं डिजिटल यंत्र आलं आणि कानाच्या जोडीला दिशा दाखवणारी खूण आली. ही खूण गाडलेल्या माणसाकडं सरळ रोख धरत नाही. ४५७ किलोहर्ट्झची तरंगलांबी साडेसहाशे मीटरच्या वर, आणि शोध चालतो काही दहा मीटरांत. इतक्या जवळ खरं काम असतं ते चुंबकीय क्षेत्राचं, आणि त्याच्या रेषा वाकड्या असतात. शोधणारा त्या रेषेवरून वळण घेत पोचतो. अगदी जवळ, खोल गाडलेल्या यंत्राच्या डोक्यावर, दोन अँटेना फसायच्या आणि एकाऐवजी दोन जागी संकेत तीव्र दाखवायच्या. तिसऱ्या अँटेनानं तो घोळ मिटवला.

आकडा एक झाल्यानं मेळ पुरता बसला, असंही नव्हे. युरोपीय मानकात संकेत किती वेळ चालू, किती वेळ बंद आणि फ्रिक्वेन्सी किती हर्ट्झनं ढळलेली चालेल, हेही ठरवलेलं आहे. जुन्या ॲनालॉग यंत्राची फ्रिक्वेन्सी वर्षांनुवर्षं वापरून सरकलेली असली, तर काटेकोर डिजिटल यंत्राला ते उशिरा सापडतं. निघण्यापूर्वी प्रत्येकाचं यंत्र एकेकदा तपासून घेण्याची पद्धत म्हणूनच आहे, आणि ती टाळणाऱ्या गटासोबत जाऊ नये.

२०१३ मध्ये जीपीएस, वाय-फाय आणि ब्लूटूथ यांच्या भरवशावर हिमस्खलनात माणूस शोधून देऊ म्हणणारी फोन-ॲप्स निघाली. त्यांच्यावर विसंबू नका, असा जाहीर इशारा कॅनडाच्या अव्हलांश सेंटरनं दिला: या लहरी बर्फातून नीट पार होत नाहीत, ही ॲप्स आपसांत जुळत नाहीत आणि शेजारच्याच्या ४५७ला तर ऐकूच शकत नाहीत. आजच्या काही ट्रान्सीव्हरांमध्येही ब्लूटूथ असतं. ते सॉफ्टवेअर अद्ययावत करायला आणि यंत्राची सेटिंग्ज बदलायला वापरतात. शोध ४५७वरच चालतो.