टॅब चालू होत नाही: एका काळ्या पडद्याचा इतिहास

नाशिकच्या एम. जी. रोडवर मोबाइल दुरुस्तीच्या एखाद्या काउंटरपाशी थोडा वेळ उभे राहिलात, तर 'डेड' हा शब्द हमखास कानावर पडेल. बटण दाबलं, पडदा काळाच राहिला, की वस्तू 'डेड'. गिऱ्हाईक हाच शब्द वापरतं आणि दुरुस्ती करणाराही. फरक एवढाच, की गिऱ्हाइकासाठी तो निकाल असतो आणि दुरुस्तीवाल्यासाठी कामाची सुरुवात.

फोन डेड झाला तर आपण त्याच दिवशी धावत सुटतो. टॅबचं तसं नसतं. घरात तो लहान भावंडांचा, शाळेत तो वर्गाचा, म्हणजे खास कुणाचाच नाही. तो बंद पडलाय हे कळायलाच कधी कधी महिने जातात. मग तो कपाटात जातो आणि तिथेच राहतो. आपल्याकडे स्वस्त टॅबचा इतिहास उद्घाटनाच्या तारखांनी लिहिला जातो. मला तो दुसऱ्या टोकाकडून, बंद पडलेल्या टॅबकडून वाचावासा वाटतो.

एक आकाश, दोन आयआयटी

जुलै २०१०मध्ये तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांनी दिल्लीत ३५ डॉलरच्या संगणकाचा नमुना दाखवला. ५ ऑक्टोबर २०११ रोजी त्याचं 'आकाश' नावाने लोकार्पण झालं. कंपनी होती डेटाविंड. सरकारला तो साधारण २,२५० रुपयांना पडत होता.

त्या पैशात काय मिळत होतं? सात इंची पडदा, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, अँड्रॉइड २.२ आणि २,१०० एमएएचची बॅटरी. तुमच्या हातातल्या फोनची रॅम ४ जीबी धरली, तरी ती आकाशच्या सोळापट होते. पडदा दाबावर चालणारा होता. आपण आज बोट अलगद फिरवतो, तिथे नखाने दाबावं लागे. बॅटरी दोन-तीन तासांत संपे.

वाद मात्र वेगावरून नाही, चाचणीवरून पेटला. प्रकल्प सांभाळणाऱ्या आयआयटी राजस्थानला उष्णता, पाणी आणि आपटणं सोसण्याच्या कडक चाचण्या हव्या होत्या. कंपनीचं म्हणणं, या किमतीत इतक्या कडक चाचण्या बसत नाहीत. माझ्या मते दोघांचंही एका अर्थी बरोबर होतं. टॅब विद्यार्थ्याच्या दप्तरात जाणार, म्हणजे तो पडणार, भिजणार, तापणार. आणि हे सगळं सोसायला लागणारा पैसा किमतीत धरलेलाच नव्हता.

२०१२मध्ये प्रकल्प पवईला, आयआयटी मुंबईकडे आला. संगणकशास्त्राचे प्राध्यापक दीपक फाटक यांनी त्याची धुरा घेतली. ११ नोव्हेंबर २०१२ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते 'आकाश २' आला: १ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम, बोटाच्या स्पर्शाने चालणारा पडदा, अँड्रॉइड ४. एक लाख टॅब मुख्यतः अभियांत्रिकी महाविद्यालयांमार्फत पोचवायचे ठरले. पवईच्या मंडळींनी त्यावर सी, पायथन, सायलॅब चालवायची सोय केली आणि शिक्षकांसाठी दूरस्थ कार्यशाळा घेतल्या. मार्च २०१५च्या अखेरीस प्रकल्प बंद झाला.

बटण दाबल्यावर काय होतं?

'आकाश २'मध्ये एक गंमत होती, आणि बंद टॅब समजून घ्यायला ती फार उपयोगी आहे. त्यातली चिप होती ऑलविनर ए१३. बटण दाबलं की ती सगळ्यात आधी तिच्या पोटात कायमचा कोरलेला एक छोटा प्रोग्राम चालवते. त्याला बूट रॉम म्हणतात. हा प्रोग्राम पुसता येत नाही, बिघडवता येत नाही. तो पहिल्यांदा मेमरी कार्ड तपासतो. कार्डावर चालू होण्याजोगी सिस्टिम असेल, तर ती उचलतो. नसेल तर टॅबच्या आतल्या मेमरीकडे वळतो. तिथेही काही सापडलं नाही, तर यूएसबीच्या वाटेने कुणी काही पाठवतंय का, याची वाट बघत बसतो.

म्हणजे आतलं अँड्रॉइड पूर्ण उडालं, तरी तयार केलेलं एक कार्ड खोचून टॅब उठवता येत होता. आयआयटी मुंबईतल्या गटाने याच वाटेने आकाशवर कार्डावरून लिनक्स चालवून दाखवलं. इंजिनिअरिंगला मायक्रोप्रोसेसर शिकताना 'बूट' हा शब्द आपण पाठ करतो. तो आला बूट चढवताना धरायच्या मागच्या पट्टीवरून. स्वतःच्या बुटाची पट्टी ओढून स्वतःलाच उचलायचं, अशी ती अशक्य कल्पना. बंद यंत्रापुढचा प्रश्न अगदी तोच असतो: प्रोग्राम चालवायला आधी कुठलातरी प्रोग्राम चालू हवा. चिपमध्ये कोरलेल्या त्या चार ओळी हे त्याचं उत्तर.

आजचे टॅब कार्डावरून असे सहज उठत नाहीत, कारण सुरक्षेसाठी त्या वाटा कंपन्यांनी बंद केल्यात. पण साखळी तीच आहे: बॅटरी, वीज वाटणारी आयसी, बूट रॉम, बूटलोडर, कर्नल आणि शेवटी अँड्रॉइड. लोगो दिसून तिथेच अडकला, तर पहिल्या कड्या धड आहेत. बिघाड बहुतेक वेळा सॉफ्टवेअरमध्ये किंवा मेमरीत आहे. लोगोच नाही, पण बटण धरल्यावर थरथर जाणवते किंवा लॅपटॉपला जोडल्यावर आवाज येतो, तर टॅब जागा आहे आणि पडदा गेलाय. काहीच नाही, तर संशय पहिल्या कडीवर.

उपाशी बॅटरी

आणि पहिली कडीच सगळ्यात जास्त दगा देते. लिथियम-आयन बॅटरी १९९१मध्ये सोनीने बाजारात आणली. ती घडवणाऱ्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ही बॅटरी पूर्ण भरल्यावर साधारण ४.२ व्होल्टवर असते. कपाटात ठेवली तरी ती हळूहळू उतरते. टॅब बंद असला, तरी आतली आयसी थोडी थोडी वीज खातच असते.

दाब तीन व्होल्टच्या खाली गेला, की चार्जर लावल्यावरही टॅब लगेच काही दाखवत नाही. इतक्या उतरलेल्या बॅटरीत एकदम जोराचा प्रवाह सोडणं धोक्याचं असतं. म्हणून आयसी आधी नेहमीच्या दहाव्या हिश्शाएवढाच प्रवाह सोडते. उपाशी माणसाला आधी पेज द्यावी, तसं. या काळात पडदा काळाच. आपण पाच मिनिटं बघतो, 'गेला' म्हणतो आणि वायर काढतो. त्याला हवा असतो अर्धा-पाऊण तास, कधी त्याहूनही जास्त.

आणखी खाली गेलेली बॅटरी तिच्यावरची संरक्षक पट्टी स्वतःच तोडून टाकते. मग चार्जरला बॅटरी दिसतच नाही. एम. जी. रोडवरचे कारागीर अशा वेळी डीसी सप्लायने 'बूस्ट' देतात आणि टॅब उठतो. पण बॅटरी महिनोन् महिने तशीच कोरडी पडून असेल, तर आतलं तांबं विरघळून शॉर्ट व्हायची भीती असते. फुगलेल्या बॅटरीला तर बूस्टही नाही आणि चार्जरही नाही. ती बदलायची आणि जुनी ई-कचऱ्यात द्यायची.

वाटपाचा फोटो असतो

आता हे आपल्या जिल्ह्याच्या नकाशावर ठेवून बघा. २०१२च्या सुमाराला ग्रामीण महाराष्ट्रात भारनियमन रोजचंच होतं. पेठ-सुरगाण्याच्या शाळेत टॅब पोचवायचा, तर प्रश्न आधी सॉकेटचा. इगतपुरीच्या पलीकडे, शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा डिजिटल शाळा म्हणून गाजली. तिथले शिक्षक संदीप गुंड यांच्या कामात मला मोलाची वाटते ती गोष्ट म्हणजे सौरऊर्जा. आधी वीज, मग पडदा.

जून २०१५मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम आला आणि डिजिटल शाळांची लाट उसळली. गावोगावी लोकवर्गणी निघाली. त्याच वर्षी मुंबई महापालिकेने आठवीच्या विद्यार्थ्यांना टॅब दिले. पुढे 'महाज्योती'ने स्पर्धापरीक्षेच्या विद्यार्थ्यांना टॅब आणि रोजचा डेटा दिला. ज्या पोरांच्या घरात स्मार्टफोन वडिलांबरोबर कामावर जातो, त्यांच्यासाठी हा पडदा म्हणजे क्लासची फी वाचणं आहे. २०२०मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा तर वर्गच त्या पडद्यात होता. म्हणून तो काळा पडतो, तेव्हा एक वस्तूच फक्त बंद पडत नाही.

आणि तरीही हिशोब बहुतेक खरेदीपाशी थांबतो. वाटपाचा फोटो येतो. तीन वर्षांनी बॅटरी बदलून दिल्याचा फोटो मी तरी पाहिलेला नाही. बॅटरी हा टायरसारखा झिजणारा भाग आहे. एसटीची बस घेताना टायरचा खर्च धरला नाही, असं आपण कधी ऐकलंय का? आकाशच्या वेळी चाचणीवरून झालेलं भांडण खरं तर याच प्रश्नाचं होतं: वस्तूची किंमत म्हणजे तिच्या पहिल्या दिवसाची किंमत, की ती चालेल तितक्या वर्षांची?

जग या प्रश्नाकडे उशिरा का होईना वळलंय. युरोपीय संघात २० जून २०२५पासून नवे नियम लागू झाले. तिथे विकल्या जाणाऱ्या फोन-टॅबच्या बॅटरीने ८०० वेळा चार्ज झाल्यावरही ८० टक्के क्षमता राखायची आणि मॉडेलची विक्री संपल्यावरही सात वर्षं महत्त्वाचे सुटे भाग द्यायचे. भारत सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी डिसेंबर २०२२मध्ये एक पोर्टल सुरू केलं. ते पोर्टल माहिती देतं. सुटा भाग द्यायची युरोपसारखी सक्ती अजून नाही. तोवर आपला भरवसा एम. जी. रोडवरच्या सोल्डरिंग गनवर.

कपाटातला टॅब आज काढायचा असेल, तर क्रम असा. आधी पाठ बघा. फुगली असेल तर तिथेच थांबा. चार्जिंग जॅकमधला कचरा कोरड्या मऊ ब्रशने काढा. दुसऱ्या चालू वस्तूवर तपासलेली वायर आणि साधा चार्जर लावा, आणि तासभर बटणाला हात लावू नका. मग पॉवरचं बटण तीस सेकंद धरा. लोगोवर अडकला, तर पॉवर आणि आवाज वाढवायचं बटण एकत्र धरून रिकव्हरीत जा. मात्र फॅक्टरी रीसेट केलात तर आतले फोटो आणि नोट्स जातील. एवढं करूनही पडदा काळा राहिला, तर काउंटरवर न्या आणि बोर्ड बदलण्याआधी बॅटरीचा दाब मोजायला सांगा.

उठला, तर पुन्हा कपाटात ठेवताना अर्धा चार्ज करून ठेवा. पाठीवर चिकटपट्टी लावून त्यावर तारीख लिहा, आणि दर दोन महिन्यांनी चार्जिंगला लावायचं काम घरातल्या किंवा वर्गातल्या एकाच्या नावावर करून टाका.