गाण्यातले अँथनी आणि माजोर्ड्याचे अँथनी

आमच्या राजोडीत लग्नाचा मांडव पडला आणि बँड दारी आला की एक फर्माईश हटकून होते. ‘माय नेम इज अँथनी गोन्साल्विस’ हे गाणे सुरू होताच आजीपासून नातवापर्यंत सारे मांडवात उतरतात. 1977 साली मनमोहन देसाई यांच्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटात ईस्टरच्या भल्यामोठ्या अंड्यातून बाहेर पडणारे अमिताभ बच्चन आपण सर्वांनी पाहिले आहेत. आम्हीही कित्येक वर्षे हे नाव कुणा लेखकाने गमतीखातर रचले असावे, असेच समजत होतो. त्या नावाचा हाडामांसाचा माणूस होता आणि तो आपल्यासारख्याच एका धर्मग्रामात वाढला होता, हे कळले तेव्हा आम्हांला आमच्या अज्ञानाची लाज वाटली.

अँथनी गोन्साल्विस यांचा जन्म 1927 साली गोव्यातील माजोर्डा या गावी झाला. वडील तेथील चर्चच्या गायनवृंदाचे मास्तर होते. गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांतून अक्षरांबरोबर स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकविण्याची जुनी परंपरा होती. त्या परंपरेतच या मुलाचे बोट तंतूवर बसले. 1943 साली हा तरुण मुंबईस आला आणि नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिनवादक म्हणून रुजू झाला.

त्या काळी हिंदी चित्रपटसंगीताची एक अडचण होती. संगीतकार चाल बांधत, पण ती बहुधा त्यांच्या कंठात आणि पेटीवर असे. पन्नास वादकांनी एकाच वेळी वाजवायचे तर प्रत्येकापुढे लिहिलेला कागद हवा. तो कागद लिहिणारे हात प्रामुख्याने गोव्याच्या ख्रिस्ती वादकांचे होते. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड आणि अँथनी गोन्साल्विस हे त्यांतील अग्रणी. व्हायोलिनने कोठे उठावे, चेलोने कोठे साथ धरावी, दोन कडव्यांमधली जागा कशाने भरावी, हे सारे संगीत संयोजक ठरवीत. पडद्यावर मात्र त्यांची नावे क्वचितच झळकत.

गोन्साल्विस यांचे वेगळेपण याच्याही पुढचे होते. हिंदुस्तानी रागसंगीताने त्यांना वेड लावले. रागात स्वर एकामागून एक येतात, पाश्चात्य वाद्यमेळात अनेक स्वर एकत्र वाजतात. या दोहोंची सोयरीक सोपी नव्हे. सारंगाचेच उदाहरण घ्या. त्याच्या प्रचलित रूपात गंधार आणि धैवत वर्ज्य असतात. उलट पाश्चात्य पद्धतीने षड्जावर साधा स्वरमेळ उभारायचा तर मधला स्वर गंधारच लागतो. तो घेतला तर राग बिघडतो, टाळला तर मेळ पोकळ होतो. अशा अवघड वाटेने जाऊन त्यांनी सारंगावर आधारलेला कन्सर्टो रचला, ‘सोनाटिना इंडियाना’ लिहिली. 1958 साली त्यांनी स्वतःचा वाद्यवृंद उभा केला. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या चौकात त्याचे कार्यक्रम झाले आणि लता मंगेशकर व मन्ना डे यांचे स्वर त्यात मिसळले. चित्रपटाच्या तीन मिनिटांत न मावणारे संगीत त्यांना लोकांपुढे ठेवावयाचे होते.

हे स्वप्न मुंबईत रुजले नाही. 1965 साली ते अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठाचे अर्थसाह्य मिळवून परदेशी गेले. परतल्यावर चित्रपटसृष्टीकडे न वळता त्यांनी माजोर्ड्याचे घर गाठले आणि मुंबई त्यांना विसरली.

एक शिष्य मात्र विसरला नव्हता. आठव्या वर्षापासून त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलेला हा मुलगा म्हणजे लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल शर्मा. राहुलदेव बर्मन हेही त्यांचे शिष्य. चित्रपटातल्या अँथनीचे आडनाव आधी फर्नांडिस ठरले होते, ते गाण्यात नीट बसेना. तेव्हा प्यारेलाल यांनी आपल्या गुरूचे नाव सुचविले, असे सांगतात. ज्या गाण्यावर आपण हसत-नाचत आलो, ती एका शिष्याची गुरुदक्षिणा होती!

18 जानेवारी 2012 रोजी गोन्साल्विस निवर्तले. तोवर त्यांचे नाव देशभर दुमदुमत होते आणि त्यांचे कार्य मोजक्यांनाच ठाऊक होते. हा दैवाचा खेळ म्हणून सोडून द्यावा काय? आम्हांस तसे वाटत नाही. आपल्या वसईच्या धर्मग्रामांतही पिढ्यान्‌पिढ्या कुणी पेटी वाजविली, कुणी मिस्सेची गीते बसविली, कुणी बँडच्या पोरांना कर्णा फुंकायला शिकविले. त्यांतील किती जणांची नावे आज आपण सांगू शकतो? त्यांच्या हस्ताक्षरातील वह्या माळ्यावरच्या पेटाऱ्यात कसर खात असतील. वाचकहो, येत्या पावसाळ्यापूर्वी त्या एकदा खाली काढा, वरच्या पानावर लिहिणाऱ्याचे नाव घाला आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना त्याच्याविषयी विचारून घ्या. अँथनी गोन्साल्विस यांना प्यारेलाल लाभले. आपल्या मास्तरांना निदान आपण तरी लाभलो पाहिजे.