पाव इंचाचा घोळ

कार्पेट धुण्याचा अमेरिकन बनावटीचा वॉन्ड मिळाला आणि त्याला इथला व्हॉल्व्ह किंवा इथली नळी जोडायची ठरवली, की गाडी हार्डवेअरच्या दुकानात अडते. वॉन्डची जोडणी पाव इंची. दुकानदार देतो तो निपलही पाव इंची. तरी दोन-तीन फेऱ्यांत निपल अडकून बसतो. "टेफ्लॉन टेप जरा जास्त गुंडाळा," असा सल्ला मिळतो. गुंडाळू नका. ही भानगड दीडशे वर्षं जुनी आहे, ती टेपने मिटणार नाही.

मुळात 'पाव इंच' हे माप नाहीच. पट्टी लावली तर आट्यांचा बाहेरचा व्यास १३ मिलिमीटरच्या पुढे भरतो. पाव इंच म्हणजे जेमतेम ६.३५. हे नाव लोखंडी पाइपाच्या आतल्या पोकळीवरून पडलं. पाइप बदलले, नाव चिकटून राहिलं. (आमच्याकडे व्हेरिएबलला असं नाव दिलं तर कोड रिव्ह्यूमध्ये धुलाई होते.)

१८४१ पर्यंत इंग्लंडमध्ये प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे. जोसेफ व्हिटवर्थने ठिकठिकाणचे स्क्रू गोळा केले, त्यांच्या मापांचा मध्य काढला आणि एक पद्धत मांडली: आट्याचा कोन ५५ अंश, शेंडे गोल. रेल्वे कंपन्यांनी ती उचलली. व्हिटवर्थच्या त्याच कोनावर ब्रिटिश पाइपचे आटे, म्हणजे बीएसपी, बेतले गेले. साम्राज्याबरोबर ते भारतात आले आणि आपल्या नळांमध्ये अजून आहेत.

१८६४ मध्ये फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सने फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये वेगळा आटा मांडला. ५५ अंश मोजायला अवघड, गोल शेंडे कापायला कसबी कारागीर लागतो. त्यापेक्षा ६० अंश आणि सपाट शेंडे, साध्या मेकॅनिकलाही जमतील असे. मला सेलर्सचं पटतं. पाइपांसाठी रॉबर्ट ब्रिग्जची मापं अमेरिकन उत्पादकांनी १८८६ मध्ये स्वीकारली. कोन तोच ६० अंशांचा. आजचं एनपीटी ते हेच.

आटे न जुळण्याची किंमत बाल्टिमोरने फेब्रुवारी १९०४ मध्ये मोजली. शहर पेटलं तेव्हा वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्कहून बंब धावून आले, पण त्यांच्यातल्या अनेकांच्या नळ्या तिथल्या हायड्रंटना लागेनात. सुमारे १५०० इमारती गेल्या.

कार्पेट साफ करण्याचं यंत्र तर जन्मापासूनच नळ्यांवर जगलं. १९०१ मध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथचं यंत्र इतकं अवजड होतं की घोडागाडीवरून यायचं, रस्त्यात उभं राहायचं आणि खिडकीतून नळ्या आत जायच्या. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी वेस्टमिन्स्टर ॲबेतले गालिचे त्यानेच साफ केले. आजच्या वॉन्डलाही दोन नळ्या. घाण ओढणाऱ्या जाड नळीचं सोपं आहे: दीड किंवा दोन इंच, कफ ढकलून बसवायचा. त्रास देते ती दाबाने गरम पाणी आणणारी बारीक नळी.

१९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडाने मिळून बोल्टांचा एकच आटा ठरवला, ६० अंशांचा. पाइप मात्र त्या समझोत्याबाहेर राहिले. जमिनीत पुरलेले आणि भिंतीत चिणलेले पाइप कोण उकरणार?

पाव इंचात बीएसपीला इंचाला १९ आटे, एनपीटीला १८; म्हणून निदान अडकतं तरी, आणि कळतं. खरा दगा अर्ध्या इंचात. तिथे दोन्हीकडे १४ आटे. फिटिंग गोडीत बसतं, घट्टही वाटतं, पण कोन वेगळे असल्याने दाब आला की गळतं. आणि वॉन्ड धरणाऱ्याचा हात तिथेच असतो.

तेव्हा नळाच्या दुकानात न जाता हायड्रॉलिक फिटिंगवाल्याकडे जा. मुंबईत असाल तर नागदेवी स्ट्रीटपासून सुरुवात करा. जुना तुकडा आणि थ्रेड गेज बरोबर ठेवा. नुसतं 'पाव इंच' म्हणू नका; एका बाजूला एनपीटी, दुसऱ्या बाजूला बीएसपी असा पितळी ॲडॅप्टर मागा, आणि पैसे देण्याआधी दोन्ही बाजूंना गेज लावून आटे जुळतात का ते बघा.