मेख कुठे ठोकावी

यंदाच्या मेळाव्यानंतर घरी न जाता एक रात्र नदीकाठी तंबूत काढायची, अशी टूम आमच्या बॅचने काढली आहे. बैठकीत ठिकाणाचा विषय निघाला आणि नेहमीचे वाक्य ऐकू आले, "सोलापूरला काय आहे बघायला? महाबळेश्वरला जाऊ." मी थोडा चिडलो. त्यावर संपादक मंडळाने चिडण्याची शिक्षा म्हणून हा लेख लिहायला लावला. तेव्हा मित्रहो, सहन करा.

आपल्यापैकी अनेकांना 1977 सालचे माचणूरचे शिबिर आठवत असेल. तेव्हा आम्ही नववीत होतो. दिवाळी झाली होती आणि थंडी नुकती पडू लागली होती. तंबूंची वळकटी, मेखा, पातेली आणि आम्ही, असा सगळा ऐवज एका मालट्रकमध्ये भरून मंगळवेढ्याच्या रस्त्याने निघालो. तिऱ्ह्याला सीना ओलांडली, कामती मागे पडले, बेगमपूरला भीमेचा पूल आला आणि पलीकडे माचणूर. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. प्रत्येकाच्या पाठीवर एक सोलापुरी चादर, कारण स्लीपिंग बॅग नावाची वस्तू आम्ही फक्त चित्रात पाहिली होती.

आमच्या तुकडीने तंबूसाठी जागा निवडली ती नदीला मिळणाऱ्या एका कोरड्या ओढ्यात. वाळू मऊ, दोन्ही बाजूंना दरड असल्याने वारा नाही, मेखा हाताने दाबल्या तरी आत जात. तंबू उभा राहिला, दोऱ्या ताणल्या, आणि स्काऊटचे सर आले. त्यांनी एकच शब्द उच्चारला, "काढा." अर्ध्या तासाची मेहनत उपसून आम्ही वरच्या मुरमाड पटावर गेलो. तिथे मेख ठोकताना दगडाने दोघांची बोटे सोलली. रात्री पाऊस आला नाही. पूरही आला नाही. आकाशभर चांदणे होते आणि आम्ही खडे टोचत कुशी बदलत सरांच्या नावाने कुरकुर करत होतो.

दुसऱ्या दिवशी शेकोटीपाशी सरांनी खवासपूरची गोष्ट सांगितली. खवासपूर सांगोला तालुक्यात, माण नदीच्या काठी. सातारा आणि परळी हे किल्ले घेऊन औरंगजेबाची छावणी 1700 च्या पावसाळ्याअखेर तिथे येऊन पडली. माण ही आपल्याकडच्या बऱ्याच नद्यांसारखीच, वर्षातला बराच काळ नुसती वाळू. छावणी दोन्ही काठांवर पसरली आणि जागा कमी पडली म्हणून कोरड्या पात्रातही तंबू लागले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका मध्यरात्री वरच्या डोंगरांत कोसळलेल्या पावसाचे पाणी लोंढ्याने खाली आले. छावणीवर पावसाचा तेवढा जोर नव्हता, त्यामुळे कोणी सावध नव्हते. माणसे, जनावरे, तंबू वाहून गेले. गलका ऐकून मराठे चालून आले असे समजून बादशहा घाईने उठला आणि पाय घसरून पडला. गुडघा निखळला. ब्याऐंशीच्या घरातला तो म्हातारा त्यानंतर कायमचा लंगडत चालला. दरबाऱ्यांनी त्याची समजूत घातली की हे तर पूर्वज तैमूरलंगाचे वारसदार असल्याचे लक्षण! पुढे मी जदुनाथ सरकारांचे औरंगजेबाचे चरित्र वाचले, तेव्हा त्यात हा प्रसंग सापडला. सरांनी पदरचे फारसे काही घातले नव्हते.

गंमत अशी, की ज्या जागी आम्ही ही गोष्ट ऐकत होतो तीही त्याच छावणीची जुनी जागा. 1695 च्या उन्हाळ्यात औरंगजेब माचणूरजवळच्या ब्रह्मपुरीला आला आणि 1699 च्या ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे चार वर्षांहून अधिक, तिथेच राहिला. गावाचे नाव बदलून इस्लामपुरी केले. दिल्लीचा कारभार भीमेच्या काठावरून चालला. जिंजीला वेढा पडलेला, संताजी घोरपडे कर्नाटकात मोगली सरदारांची दाणादाण उडवत होते, आणि त्या साऱ्या बातम्या सांडणीस्वार याच काठावर आणत होते. माचणूरचा किल्ला त्या मुक्कामाचीच खूण. किल्ल्याजवळ नदीच्या काठी सिद्धेश्वराचे देऊळ आहे आणि पलीकडे बेगमपुरात एक कबर आहे. ती बादशहाच्या मुलीची, असे गावकरी सांगतात. ब्रह्मपुरीची छावणी चार वर्षे नदीकाठी होती. खवासपूरला वर्षभरात तो अनुभव कसा विसरला गेला, हे मला अजून उमगलेले नाही. लष्कर मोठे आणि जागा अपुरी असली की शहाणपण मागे पडते, एवढेच म्हणता येईल.

याच्या अगदी उलट उदाहरणही आपल्याच जिल्ह्यात दर आषाढात पाहायला मिळते. ज्ञानेश्वर महाराजांचा पालखी सोहळा आजच्या शिस्तीत आणला तो एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी, आणि त्याला अंकलीच्या शितोळे सरकारांकडून घोडे व तंबू मिळाले. माउलींची पालखी आपल्या जिल्ह्यात शिरली की नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी असे मुक्काम पडत जातात. लाखो माणसे रोज नव्या गावाबाहेर राहुट्या उभारतात आणि पहाटे त्या नाहीशा होतात. भर पावसाळ्यात! दिंडीचा ट्रक पुढे जातो, ठरलेल्या शेतात जागा धरतो, राहुटीभोवती पाण्यासाठी चर काढला जातो, चुली पेटतात. कोणत्या गावाला कोणत्या दिंडीची जागा कुठे, हे पिढ्यान्पिढ्या ठरलेले. मी दोनदा वारीत चाललो. दुसऱ्या वेळी माळशिरसच्या अलीकडे रात्रभर पाऊस होता आणि आमच्या राहुटीत थेंब आला नाही. बाजूला एका हौशी मंडळींच्या रंगीत नायलॉनच्या तंबूत मात्र पहाटे सगळे बसून होते. आडवे व्हायला कोरडी जागा उरली नव्हती. राहुटी लावणारे आमचे विणेकरी सातवी शिकलेले.

इंग्रजी अमदानीत मुक्कामाचा अर्थ बदलला. आपल्या शहरातली 'लष्कर', 'सदर बझार' ही नावे फौजेच्या छावणीतून आली. हिवाळ्यात साहेब तंबू घेऊन तालुके फिरत, आणि मामलेदारापासून पाटलापर्यंत साऱ्यांना त्या तंबूंपुढे उभे राहावे लागे. आपल्या सहलींचे ठरलेले ठिकाण म्हणजे नळदुर्ग, तिथे 1853 पासून काही वर्षे मेडोज टेलर हा अधिकारी होता. ठगांवरच्या कादंबरीमुळे तो विलायतेत आधीच गाजला होता. नळदुर्गाचा पाणीमहाल आपण सर्वांनी पाहिला आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 मध्ये, बोरी नदीवर बांधलेल्या बंधाऱ्याच्या पोटातच तो महाल आहे, आणि नदी भरली की वरून नर-मादी धबधबे कोसळतात. पुराच्या पाण्यात राहायचे असेल तर एवढे भक्कम बांधकाम लागते, असे सर तिथेही म्हणाल्याचे आठवते.

मौजेसाठी तंबूत राहणे ही त्या मानाने कालपरवाची गोष्ट. बेडन-पॉवेलने ब्राऊनसी बेटावर मुलांचे पहिले शिबिर घेतले 1907 मध्ये. आपल्याकडच्या वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन भारत स्काऊट्स अँड गाईड्स झाली 1950 मध्ये. म्हणजे आमच्या माचणूरच्या शिबिरावेळी ती संस्था आमच्या वडिलांपेक्षाही तरुण होती.

एक जागा मात्र अशी, जिथे मेख ठोकूच नये. बार्शी रस्त्यावरचे नान्नज. 1979 मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झाले तेव्हा त्याचे क्षेत्र जवळजवळ 8,500 चौरस किलोमीटर होते. पुढे ते सुमारे 1,222 वर आणले गेले. माळढोक झाडावर घरटे करत नाही. मादी उघड्या माळावर, गवतात, साधारणपणे एकच अंडे घालते, आणि तेही पावसाळ्यात. आपण ज्याला मोकळी, सपाट, मुक्कामाला छान जागा म्हणतो, नेमकी तीच त्याची बाळंतिणीची खोली. आठवीत असताना तिथे एका सकाळी सरांनी आम्हांला रस्त्यावरच थांबवले. लांब गवताच्या कडेला एक उंच पक्षी मान ताठ करून चालत होता. आम्ही कोणी पुढे गेलो नाही. गेलो असतो तरी तो उडालाच असता. माझ्या मुलाला घेऊन मी तिथे तीनदा गेलो. काळवीट दिसले, एकदा लांबून लांडगा दिसला, माळढोक नाही. आता तिथे तो दिसला की वर्तमानपत्रात बातमी होते.

आता आमच्या बॅचच्या बेताविषयी. सर्वांचा कल पुन्हा माचणूरकडे आहे आणि मलाही ते मनापासून हवे आहे. पण 1977 ची भीमा आणि आजची भीमा एक नाही. 1980 मध्ये उजनी धरण पूर्ण झाले. तेव्हा पूर यायचा तर आधी वर कुठे तरी पाऊस पडावा लागे. आता दरवाजे उघडले की कोरड्या आभाळाखाली पाणी चढते. एवढेच नाही, तर सोलापूर शहराच्या पिण्यासाठी उजनीतून सोडलेले पाणी नदीच्या पात्रातूनच टाकळीकडे, औज बंधाऱ्याकडे येते, आणि तेही बहुतेक टंचाईच्या महिन्यांत. म्हणजे आपल्याच घरच्या नळाचे पाणी भर उन्हाळ्यात माचणूरच्या वाळूवरून जाते. पात्रात चूल मांडून बसलेल्या माणसाला ते आधी कळवायला कोणी येत नाही.

तेव्हा ठरवा. देवळाच्या वरच्या अंगाचा तो मुरमाड पट अजून तसाच आहे, मी गेल्या महिन्यात जाऊन पाहून आलो. मेखा लोखंडी आणा, लाकडी तिथे वाकड्या होतात. हातोडा मी आणतो.