नेता नसलेला गट

छातीवर क्रमांक, हाती फळी, बल्ली आणि दोर, समोर अडथळे. गटाला नेमून दिलेला नेता मात्र कोणीच नाही. सेवा निवड मंडळात, म्हणजे एसएसबीत, भावी लष्करी अधिकाऱ्यांची ही कसोटी आजही घेतली जाते. खडकवासल्याच्या एनडीएची वाटही तिथूनच जाते.

तिचा उगम दुसऱ्या महायुद्धातला. घराणे आणि शाळा पाहून अधिकारी निवडण्याची ब्रिटिश सैन्याची रीत तेव्हा अपुरी पडू लागली. १९४२ मध्ये नवी निवड मंडळे स्थापन झाली आणि मनोविकारतज्ज्ञ विल्फ्रेड बायन यांनी त्यांच्यासाठी नेताविरहित गटाची चाचणी रचली. बायन यांचा जन्म १८९७चा, मथुरेतला. गटाने काम पार पाडले की नाही, हा त्यांचा मुख्य प्रश्न नव्हता. स्वतः उठून दिसण्याची इच्छा आणि सोबत्यांना सांभाळून घेण्याची गरज या ओढाताणीत माणूस कसा वागतो, हे त्यांना पाहायचे होते. १९४३ मध्ये डेहराडूनला प्रायोगिक मंडळ सुरू झाले. डीआरडीओची दिल्लीतील मानसशास्त्रीय संशोधन संस्था हे त्याचेच पुढचे रूप.

चाचणीचे बळ उघड आहे. कागदावर कोणीही स्वतःला मिळूनमिसळून वागणारा म्हणवू शकतो. दुसऱ्याचे बोलणे तोडणारा माणूस गटात लपत नाही.

मर्यादा इस्रायलमध्ये दिसली. १९५५च्या सुमारास डॅनियल कानेमन हे तरुण मानसशास्त्रज्ञ तिथल्या सैन्यात हीच पद्धत वापरत होते. अनोळखी उमेदवारांच्या गटाने लांब ओंडक्याच्या साहाय्याने भिंत ओलांडायची. भिंतीला ना माणसाचा स्पर्श व्हायचा, ना ओंडक्याचा. पाहणाऱ्यांना प्रत्येकाचे भवितव्य लख्ख दिसे. पुढे प्रशिक्षण शाळेतून निकाल आले, तेव्हा ते अंदाज निव्वळ अटकळीपेक्षा जेमतेम सरस ठरले. तरीही परीक्षकांचा आत्मविश्वास ढळला नाही. पुढे नोबेल मिळवणाऱ्या कानेमन यांनी यावरून धडा घेतला. मुलाखतीसाठी त्यांनी सहा गुण निश्चित केले, प्रत्येकाला स्वतंत्र गुण द्यायला लावले, आणि अंदाज सुधारले.

एसएसबीतही मानसशास्त्रज्ञ, मुलाखतकार आणि गटपरीक्षक आपापले मत स्वतंत्रपणे बनवतात व अखेरच्या दिवशी एकत्र बसतात. एकाच नजरेच्या भ्रमावर हा बऱ्यापैकी उतारा आहे. एक उणीव मात्र कोणत्याही निवडीत उरतेच: निवडलेल्यांची पुढील कामगिरी मोजता येते; नाकारलेले कसे अधिकारी झाले असते, हे कधीच कळत नाही. मोजमापाची अर्धी बाजू कायम अंधारात राहते.

म्हणून गटचाचणी त्या दिवसाचे, त्या गटातले वर्तन सांगते. सामान उचलून परतीची गाडी पकडणाऱ्या मुलाच्या हाती पडतो तो त्या निरीक्षणाचा निर्णय. त्याच्या व्यक्तिमत्त्वाचा निवाडा नव्हे.