मसल टेस्टिंग: हात दाबून आजार कळतो का?

एका हातात गव्हाची पुडी किंवा औषधाची बाटली, दुसरा हात समोर ताठ. तपासणारा तो खाली दाबतो. हात खाली गेला, की ‘हे तुम्हाला चालत नाही’ असं सांगितलं जातं. ही पद्धत १९६४ मध्ये अमेरिकी कायरोप्रॅक्टर जॉर्ज गुडहार्ट यांनी मांडली.

बाटलीत काय आहे हे दोघांनाही ठाऊक नसताना केलेल्या चाचण्यांत निकाल नाणेफेकीसारखेच आले. अपेक्षेप्रमाणे जोर नकळत कमी-जास्त होतो.

फिजिओथेरपिस्ट स्नायूंची ताकद ० ते ५ अशी मोजतात, ती तपासणी वेगळी.

भंडारा जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण आढळतात. तो रक्ततपासणीतच कळतो. त्यामुळे करडीत कुणाला सतत थकवा, सांधेदुखी असेल, तर हात दाबून घेण्याआधी सरकारी दवाखान्यात रक्त तपासा.