रताळं धुण्याची कुळकथा

जपानच्या क्यूशू बेटाच्या किनाऱ्याजवळ कोशिमा नावाचं लहानसं बेट आहे. तिथली माकडं रताळं धुऊन खातात. प्राण्यांच्या सवयी मुळात कुणी लावल्या, हे सहसा कळत नाही. या रीतीचं मात्र जन्मसाल ठाऊक आहे आणि ती सुरू करणारीचं नावही.

क्योटो विद्यापीठाचे किंजी इमानिशी आणि त्यांचे सहकारी १९४८पासून या कळपाच्या मागावर होते. प्रत्येक माकडाला नाव द्यायचं आणि त्याचं नातंगोतं नोंदवून ठेवायचं, ही त्यांची पद्धत. माकडं मोकळ्यावर यावीत म्हणून १९५२मध्ये त्यांनी किनाऱ्यावर रताळी टाकायला सुरुवात केली. ती वाळूने माखायची आणि माकडं हातानेच वाळू झटकून खायची.

सप्टेंबर १९५३मध्ये इमो नावाच्या दीड वर्षाच्या मादीने रताळं उचललं आणि थेट ओढा गाठला. एका हाताने ते पाण्यात बुडवलं, दुसऱ्या हाताने वाळू चोळून काढली आणि मग खाल्लं. हे प्रथम पाहिलं ते तिथल्याच शिक्षिका सात्सुए मितो यांनी.

पुढे ही रीत कुणाकडून कुणाकडे गेली, हे नोंदींतून पाहता येतं. आधी ती इमोचे सवंगडी आणि तिची आई यांनी उचलली, मग इतर भावंडांनी. १९५८पर्यंत दोन ते सात वर्षांच्या १९ माकडांपैकी १५ जण रताळी धूत होते. त्याहून मोठ्या ११ जणांपैकी मात्र दोघीच. मोठे नर पोराटोरांपासून लांब वावरायचे, त्यामुळे त्यांच्यापर्यंत ती पोचलीच नाही. पुढच्या पिढीला ती आयतीच मिळाली. आईच्या पोटाला बिलगलेली पिल्लं पाण्यात पडलेले तुकडे उचलून खात आणि पाहता पाहता शिकत.

रीत बदलतही गेली. ओढ्याऐवजी समुद्राचं पाणी वापरात आलं. माकडं एक घास घेत, रताळं पुन्हा खाऱ्या पाण्यात बुडवत आणि पुढचा घास घेत. बहुधा मिठाची चव त्यांना आवडली असावी. १९५६मध्ये इमोनेच वाळूत मिसळलेला गहू मुठीने पाण्यात टाकला. वाळू तळाशी गेली, गहू तरंगला आणि तिने तो वेचून खाल्ला. मासाओ कावाई यांनी १९६५मध्ये हा सगळा इतिहास शोधनिबंधात मांडला.

या हकिकतीला पुढे एक दंतकथा चिकटली. धुणाऱ्या माकडांची संख्या शंभरावर गेली आणि दूरच्या बेटांवरच्या माकडांनाही ही विद्या आपोआप अवगत झाली, असं ती सांगते. तिला कोणताही आधार नाही. नोंदी दाखवतात ते इतकंच, की ही रीत एकेका माकडाने, वर्षानुवर्षं, जवळच्यांच्या संगतीत उचलली. ती कळपप्रमुखाने घालून दिली नव्हती. एका लहान मादीने सुरू केली आणि तिच्या सोबत्यांनी व आयांनी टिकवली. संस्कृती ही माणसाचीच मिरास आहे, असं ठामपणे म्हणणं कोशिमाच्या या नोंदींनंतर अवघड झालं.